गुरुवारची बाई

२१ सप्टेंबर १९८५, शनिवार. मुलुंड पूर्व. सोसायटीच्या ऑफिसची खोली.

हजर: मी; शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई; प्रसूतिगृहातल्या नर्सबाई; पोस्टातले गृहस्थ. गैरहजर: कोणी नाही. पाहुणे: मावशींचा भाचा.

बैठकीचं टिपण मी असंच लिहायची. आधी तारीख, मग हजेरी, मग कोणी काय करायचं. शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून इतकी वर्षं काढल्यावर हात आपोआप तसाच चालतो.

आमचा काही मोठा संघ वगैरे नव्हता. नर्सबाईंच्या इमारतीत एकटे राहणारे एक आजोबा मोरीत घसरून पडले आणि तिसऱ्या दिवशी दूधवाल्याने दार वाजवून वाजवून लोक जमवले, तेव्हा कळलं. आजोबा वाचले, पण आम्ही चौघं त्यानंतर नीट झोपलो नाही. मग आसपासच्या एकेकट्या म्हाताऱ्या माणसांची यादी केली, वार वाटून घेतले आणि जायला लागलो. नियम थोडेच होते. गेल्यावर चप्पल काढून बसायचं, उभ्याउभ्या चौकशी करायची नाही. चहा केला तर प्यायचा. नखं कापायची, पत्र वाचून दाखवायचं, रॉकेलच्या रांगेत उभं राहायचं. औषधाबद्दल नर्सबाईंशिवाय कोणी तोंड उघडायचं नाही. आणि शेवटचा नियमही नर्सबाईंचाच: म्हातारं माणूस जे सांगेल ते खोडून काढायचं नाही. मेलेला नवरा काल जेवून गेला असं एखादी म्हणाली, तर काय जेवले, एवढंच विचारायचं.

गुरुवारी आम्ही कुठेच जात नसू. मास्तरीणबाई आणि पोस्टातले गृहस्थ दोघांचाही उपास, दिवसभर पोथी आणि संध्याकाळी दत्ताच्या देवळात आरती. नर्सबाईंची दुपारची पाळी. मी त्या दिवशी शाळेतून आल्यावर दळण, रेशन उरकायची. तक्त्यावर गुरुवारचा रकाना कोरा असायचा.

त्या शनिवारी यादीतल्या मावशींचा भाचा आला तो बसायलाच तयार नव्हता. कांजूरमार्गच्या एका कारखान्यात फिटर होता. कामावरून तसाच आला होता, हातातली पिशवी खाली ठेवत नव्हता.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "गुरुवारी मावशीकडे तुमच्यातलं कोण जातं?"

मास्तरीणबाईंनी नर्सबाईंकडे पाहिलं. "तुम्हीच ना?"

"मी? माझी ड्यूटी असते गुरुवारी. मला वाटलं ह्या जातात." नर्सबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

मी पोस्टातल्या गृहस्थांकडे पाहिलं.

"अहो, मी काय वेणी घालणार आहे का?" ते म्हणाले.

"वेणीचं तुम्हाला कसं माहीत?"

"मावशीच सांगतात. गुरुवारची बाई वेणी छान घालते म्हणून. मी म्हटलं, असेल आपलीच कोणीतरी."

तिथे आमची चूक सगळ्यांच्या एकदमच लक्षात आली. मावशी गुरुवारच्या बाईबद्दल बोलायच्या, आम्ही नियमाप्रमाणे हो हो म्हणायचो, आणि प्रत्येकाला वाटायचं की ती बाई म्हणजे आपल्यातलंच कोणीतरी, तक्त्याबाहेर आपणहून जाणारं. मास्तरीणबाई शुक्रवारी जायच्या. त्यांना दर शुक्रवारी मावशींचे केस तेल लावून, विंचरून, पाच पेडांची घट्ट वेणी घातलेले दिसायचे. त्या नर्सबाईंना म्हणाल्या, "मी तर तुमचं मनातल्या मनात कौतुक करायची. म्हटलं, हिला बरा वेळ मिळतो."

"आणि माझा तर स्वतःचा अंबाडा मी बसमध्ये बांधते," मी म्हणाले.

भाचा हसला नाही. "बाई, माझी बायको तिच्याकडे गेली तर मावशी तिला म्हणते, गुरुवारी येऊ नको, ती येते. कोण ती? तर म्हणे, तोंड बघितलं नाही. दीड वर्ष घरात येते आणि तोंड बघितलं नाही? वाट लागली ना! आज हवेत बाई बघते, उद्या तिच्यासाठी स्टोव्ह पेटवेल आणि विसरेल. शेजारपाजारही जळेल."

"मग काय करायचं म्हणताय?" नर्सबाईंनी विचारलं.

"गावाला नेऊन सोडतो. घर आहे तिथे."

"घरात कोण आहे?"

त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "आत्ता कोणी नाही. कुलूप आहे. पण शेजारी आहेत ना."

माणूस वाईट नव्हता. कांजूरला एका खोलीत त्याची बायको, तीन मुलं आणि आजारी सासरा. मावशींना तिथे न्यायला जागा नव्हती, आणि इथे ठेवायला आता धीर नव्हता. शेवटी माझ्याकडेच बघून म्हणाला, "तुम्ही सरळ सांगता म्हणून विचारतो. पुढच्या रविवारी येतो. बाई खरी असेल तर मावशी राहू दे इथेच. नसेल तर मी तिला घेऊन जातो. तेव्हा मला कोणी अडवायचं नाही."

टिपणात मी लिहिलं: गुरुवारची बाई कोण, ते शोधणे. जबाबदारी: मी.

मावशींची खोली पूर्वेच्या अगदी टोकाला होती. दुमजली जुनी इमारत, तळमजल्याची शेवटची खोली. मागच्या खिडकीतून मिठागरं दिसायची आणि त्यांच्यापलीकडे खाडीची खारफुटी. उन्हाळ्यात तिथे मिठाचे पांढरे ढीग असतात. पावसाळ्यात नुसतं पाणी, लांबपर्यंत, न हलणारं. त्या पाण्याचा उजेड खोलीच्या छतावर पडायचा, त्यामुळे दिवा न लावताही वरचा भाग खालच्यापेक्षा उजळ दिसायचा. मला तो उलटा उजेड कधी आवडला नाही.

सोमवारी मी नर्सबाईंना घेऊन गेले.

"ये गो बाय, बस," मावशी म्हणाल्या. मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूल नाही. केस पांढरेशुभ्र, पण कमरेपर्यंत. त्या दिवशीही वेणी तशीच होती, चार दिवसांत थोडी सैल झालेली.

नर्सबाईंनी सहज म्हणून त्यांचे हात तपासले. दोन्ही खांदे आखडलेले. हात छातीपर्यंत यायचे, पुढे नाही. घास खायलाही मान खाली न्यावी लागायची.

"वेणी कोणी घातली मावशी?"

"ती घालता. गुरवारची."

"नाव काय तिचं?"

"बोलना नाय ती. चाय पिना नाय. येता, केस विंचरता, जाता."

"आणि तुम्ही तिचं तोंड नाही बघितलं?"

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी मोठेपणी विचारू नये असं काहीतरी विचारलं होतं. "तोंड कित्याक बघू? केस विंचरताना कोण मागे वळून बघता?"

मग त्यांनी सांगितलं. गावाला त्यांच्या घरच्या सगळ्या बाया दुपारी पडवीत ओळीने बसायच्या, एकीच्या पुढे एक. प्रत्येकीने पुढचीचे केस विंचरायचे. सगळ्यांत पुढे लहान मुलगी, मागे मागे मोठ्या. "पण सगळ्यांत मागची असता ना, तिच्या मागे कोण नसता," मावशी म्हणाल्या. "तिचे केस तसेच ऱ्हवतत." लग्न होऊन मुंबईला आल्यापासून त्या स्वतःच कायम मागच्या, असंही म्हणाल्या. आता मागे कोणीतरी बसतं. तिला बघायला वळलं तर ती उठेल.

मी व्यवस्थित तपास केला. आधी शेजारीण. ती कॉमन पॅसेजच्या तोंडाशी पायरीवर बसून तांदूळ निवडायची, येणारंजाणारं प्रत्येक माणूस तिला दिसायचं.

"मी नाही हो घालत त्यांची वेणी," ती म्हणाली. "माझ्या पोरींच्या घालताना माझा जीव जातो."

"गुरुवारी दुपारी कोणी बाई येते का आत?"

"नाही बघितली बाई. पण मावशी बोलत असतात आतून. मला वाटायचं, तुमच्यातलीच कोणी आतमध्ये असेल, माझ्या आधी आलेली."

वरच्या मजल्यावर विचारलं. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत विचारलं. भाच्याच्या बायकोला शाळेतून फोन करून विचारलं. कोणी नाही. मग एकच काम उरलं. मी गुरुवारची अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पर्समध्ये छोटा आरसा ठेवला.

पोचले तेव्हा मावशींनी चटई घालून ठेवली होती, तोंड मागच्या खिडकीकडे, पाठ दाराकडे. लाकडी फणी, वाटीत खोबरेल, वेणीला लावायचा काळा दोरा. दाराची कडी काढलेली, पडदा सोडलेला.

मी कॉटवर बसले. तिथून दार समोर दिसत होतं.

"थंय बसलंस तर ती येवची नाय," मावशी म्हणाल्या.

"मग कुठे बसू?"

"माझ्या फुडे."

मी जरा विचार केला. ती आलीच नाही तर भाच्याला सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच राहणार नव्हतं, आणि मावशींची बोचकी बांधली जाणार होती. मी उठून त्यांच्यापुढे बसले, खाली, जमिनीवर, खिडकीकडे तोंड करून. त्या चटईखाली उशी घेऊन जरा उंच बसल्या होत्या. त्यांनी माझा अंबाडा सोडला. त्यांचे हात माझ्या डोक्यापर्यंत सहज येत होते.

"काय गो, तेल नाय लावणस?"

"वेळ कुठे असतो मावशी."

"कचेरीत टायम असता, डोक्याक नसता."

मावशी दुसऱ्या, प्लॅस्टिकच्या कंगव्याने माझे केस विंचरू लागल्या. आई गेल्यानंतर माझ्या केसांना दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. बसल्याबसल्या कामं आठवायची माझी सवय, ती त्या दिवशी चालेना. खिडकीबाहेर मिठागराचं पाणी होतं. वर कोणीतरी बादली सरकवत होतं. पायरीवर शेजारणीच्या सुपात तांदूळ पडत होते, तो आवाज नीट ऐकू येत होता.

मग तो आवाज थांबला. सूप खाली ठेवलं असेल. मावशींचे हातही जरा थांबले आणि पुन्हा चालू झाले, पण वेगळे.

हे कसं सांगावं कळत नाही, तरी सांगते. कंगवा माझ्या केसांत असताना मावशींचे हात मागे खेचले जाऊ लागले. थोडेसे. खेचले जायचे, सैल व्हायचे, परत खेचले जायचे. डोकं विंचरताना ज्याचं डोकं असतं त्याची मान कशी मागे जाते, तशी मावशींची मान जात होती आणि त्यांच्या हातांतून ते माझ्यापर्यंत येत होतं. लांब दोरीचं पलीकडचं टोक कोणी हलवावं तसं. लाकडी फणीचा आवाज येत होता. मावशींच्या दोन्ही हातांची बोटं माझ्या केसांत होती.

"मावशी," मी म्हणाले, "कोण आहे?"

"गप बस. हलू नको."

पडदा सरकलेला मी ऐकला नव्हता. पाऊल ऐकलं नव्हतं. वास मात्र आला, उघड्या गटाराचा नाही, कसलाही घाण नाही, ओल्या मातीत मीठ मुरल्यावर येतो तसा.

मी पर्स मांडीवरच ठेवली होती. न वळता आरसा काढला आणि खांद्याशी धरला. आधी नुसता उजेड दिसला, मग माझा कान, मग मावशींचं तोंड. त्यांचे डोळे मिटलेले होते. मी त्यांना इतकं निवांत कधी पाहिलं नव्हतं. कपाळावरच्या आठ्याही गेल्या होत्या. आणि त्यांच्या डोक्याच्या वर दोन हात.

बाईचे हात. सावळे, बारीक. बांगड्या नाहीत. पांढरे केस पाच पेडांत वाटून ते एकावर एक टाकत होते, घाई नाही, चूक नाही. बोटांची टोकं पांढरी पडून चिरलेली होती. मिठागरात काम करणाऱ्या बायकांची मुलं आमच्या शाळेत येत, त्यांच्या आया फी भरायला यायच्या, त्यांची बोटं मी नेहमी पाहिलेली. ही तशीच.

आरसा लहान होता. मनगटांच्या वरचं काही त्यात मावत नव्हतं. मी तो जरासा तिरका केला.

हात थांबले.

आपल्याकडे कोणी बघतंय हे कळल्यावर माणूस जसा थांबतो तसे, अर्धा पेड बोटांत धरून. मावशींनी डोळे उघडले नाहीत, पण त्यांच्या बोटांनी माझे केस घट्ट धरले. एवढे घट्ट की दुखलं.

मी आरसा पालथा करून चटईवर ठेवला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग मावशींचे हात परत हळूच मागे ओढले गेले, सैल झाले, परत ओढले गेले. मी समोरच्या पाण्याकडे बघत बसले. मला भीती वाटत होती, पण मागे काय दिसेल याची नव्हती. ती बाई उठून जाईल याची होती.

"झाला," मावशी म्हणाल्या.

मी वळले. दारावरचा पडदा स्थिर होता. मावशींची वेणी पाच पेडांची, घट्ट, टोकाला काळा दोरा. फणी वाटीशेजारी नीट ठेवलेली. मी उठून पडदा सारून पॅसेजमध्ये आले. शेजारीण पायरीवर सूप घेऊन बसली होती.

"आत्ता कोण गेलं इथून?"

"कोण जाणार? मी इथून हलले नाही." मग माझ्याकडे बघून ती हसली. "अगंबाई, तुमची पण वेणी! मस्त दिसतेय हो."

मी हात मागे नेला. मावशींनी माझी वेणी घातली होती. तीन पेडांची, साधी.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मिठागराकडे गेले. बांधावर राखणदाराचं खोपटं होतं. म्हातारा विडी ओढत बसला होता.

"बाया कामाला येतात का आत्ता?"

"आत्ता कुठलं मीठ? सगळं पाण्यात." त्याने विडीने पाण्याकडे दाखवलं. "दिवाळीनंतर या. तेव्हा बाया येतात."

"आत्ता एकही नाही?"

"पावसाळ्यात इथे मी आणि बगळे."

मी बांधावरून परत फिरले.  घरी येऊन आरशावरची तेलाची बोटं पुसली.

रविवारी भाचा ठरल्याप्रमाणे आला. बैठक मावशींच्याच खोलीत घेतली, त्यांच्याबद्दलचं त्यांच्यामागे ठरायला नको म्हणून. मावशी कॉटवर बसल्या होत्या. आदल्या दिवशीच त्यांनी भाच्याला निरोप पाठवला होता: माका खंय नेऊ नको. तो त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होता.

"बोला," तो म्हणाला. "येते का बाई?"

"येते."

"तुम्ही बघितली?"

"मी इथे होते तेव्हा आली. माझ्यासमोर वेणी घातली."

"तुमच्यासमोर?"

"माझ्यामागे," मी म्हणाले. खोटं बोलायचं नव्हतं.

मास्तरीणबाईंनी पोस्टातल्या गृहस्थांकडे पाहिलं. त्यांनी छताकडे पाहिलं, जिथे तो पाण्याचा उजेड हलत होता.

"कोण आहे पण? कुठली?"

"नाव सांगत नाही. काम मात्र व्यवस्थित करते. आमच्यापेक्षा."

तो उठला, मावशींजवळ गेला आणि वेणी हातात घेऊन बघितली. पेड मोजल्यासारखी बोटं फिरवली. मग मावशींच्या हाताकडे पाहिलं. कारखान्यात रोज सांधे बसवणारा माणूस. कुठला हात कुठपर्यंत पोचतो हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. त्याने वेणी हळूच सोडली.

"आणि स्टोव्ह?"

त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. स्टोव्ह शेजारणीकडे जाईल. दोन्ही वेळचा डबा तीच देईल, तिच्याशी ठरलं आहे. चहा सकाळी थर्मासमध्ये. मावशींना आग लावायला काही राहणार नाही.

"म्हंजे माका चाय पण दुसऱ्याच्या हातची," मावशी म्हणाल्या.

"मावशी, एवढं ऐक ना," भाचा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "मग राहा तू इथे."

"मगे, खंय जातंय मी?" मावशी म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. जाताना तो दारात थांबला. "बाई, तुम्ही म्हणता म्हणून. पण गुरुवारी माझ्या घरचं कोणी इकडे येणार नाही." मी म्हटलं, तेच बरं.

पुढच्या बैठकीत तक्त्याचा प्रश्न आला. गुरुवारच्या रकान्यात काय लिहायचं? नर्सबाई म्हणाल्या, कोराच ठेवा. मी म्हटलं, कोऱ्या रकान्यामुळेच तर सगळा घोळ झाला. मग त्यात 'बाई' एवढंच लिहिलं, आणि पुढे दर महिन्याचा नवा तक्ता करताना ते उतरवत राहिले.

त्यानंतर मी गुरुवारी कधी गेले नाही. एकदाच, सोमवारच्या भेटीत, मावशींना विचारलं की तुम्हाला काय वाटतं, कोण असेल. त्यांनी मिठागराकडे पाहिलं. दिवाळी झाली होती, पाणी उतरून वाफे दिसू लागले होते, लांब बाया वाकून काम करत होत्या.

"कोण का असेना," त्या म्हणाल्या. "माका तिचीच काळजी. तिचे केस कोण विंचरता काय म्हायत."

त्यानंतर मावशी तिथेच राहिल्या, आणखी दोन पावसाळे. गेल्या त्या सकाळी, झोपेत. शेजारीण चहाचा थर्मास घेऊन गेली तेव्हा कळलं. तो मंगळवार होता. वेणी सैल झालेली होती, पण सुटलेली नव्हती. बायकांनी आंघोळ घालताना ती सोडायची म्हटलं तर भाच्याची बायको पुढे झाली. "राहू दे तशीच," ती म्हणाली. तिने त्या वेणीबद्दल माझ्याकडे कधी काही विचारलं नव्हतं, तेव्हाही विचारलं नाही.

आमच्यात एक पद्धत होती. यादीतलं कोणी गेलं की त्यांच्याकडे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला आपण होऊन कळवायचं. एकट्या माणसाच्या दाराला कुलूप दिसलं की दूधवाल्यापासून फुलवालीपर्यंत सगळे येऊन दार वाजवत राहतात, ते आम्ही एकदा पाहिलं होतं आणि परत बघायचं नव्हतं. त्याप्रमाणे मी कामं वाटली. नातेवाईक: भाचा. डॉक्टर: नर्सबाई. मनीऑर्डर घेऊन येणारा पोस्टमन: अर्थातच पोस्टातले गृहस्थ. दूधवाला, गिरणीवाला, देवळातले गुरुजी: मास्तरीणबाई. दहाव्यापर्यंत सगळ्यांपुढे खूण झाली. खाली एक ओळ राहिली, ती मी माझ्याकडे घेतली.

खोलीचं मालकाशी काहीतरी अडलं आणि तिला नुसतं कुलूप लागलं. महिन्याभराने शेजारणीला बाजारात भेटले.

"ती खोली रिकामी ना," ती म्हणाली, "पण दुपारी कुलूप वाजतं कधीकधी. दार आतबाहेर ढकलल्यासारखं. खाडीवरचा वारा असेल."

"कोणत्या वारी?"

"वार कोण बघतं बाई."

मी परत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. गुरुवार होता. मावशींच्या दाराबाहेर, पॅसेजमध्ये, दाराकडे पाठ आणि समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसले. शेजारीण विचारेल म्हणून काही सांगायला तयार ठेवलं होतं, पण ती त्या दिवशी पायरीवर नव्हती. मी अंबाडा सोडला. केस पाठीवर मोकळे केले. बऱ्याच वेळाने मागे मिठाचा ओला वास आला. निदान मला तसं वाटलं. वाक्य मी घरून ठरवून गेले होते: मावशी गेल्या, मंगळवारी सकाळी, त्रास झाला नाही, वेणी तशीच होती. सोपं वाक्य. शाळेत मी असे निरोप कितीतरी जणांना दिले आहेत.

पण निरोप द्यायचा तर समोरच्याकडे वळून द्यायचा असतो. मी तोंड उघडलं आणि बोलता येईना. कुलूप कडीवर एकदा हलकंसं आपटलं. वास गेला. मग शेजारणीच्या मुली शाळेतून धावत आल्या आणि मी केस बांधून उठले.

यादी अजून माझ्याकडे आहे. सगळ्या ओळींपुढे खुणा आहेत. शेवटची ओळ तशीच आहे: गुरुवारच्या बाईला कळवणे.